वफा म्हणजे फुकटची चाकरी नव्हे

‘दोमेस्तिक’ ही मुळात शिवी आहे. फ्रेंचमध्ये या शब्दाचा साधा अर्थ घरगडी, नोकर. १९११ साली टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा जनक आंरी देग्रांज याने आपल्या ‘लोटो’ या वर्तमानपत्रातून मोरिस ब्रोको नावाच्या सायकलपटूला ती हासडली. ब्रोकोची स्वतःची जिंकण्याची आशा संपली होती, तेव्हा त्याने फ्रांस्वा फाबेर या दुसऱ्या स्पर्धकाला आपली सेवा विकली, असा देग्रांजचा आरोप होता. देग्रांजच्या मते शर्यत ही एकेकट्या मर्दाची. दुसऱ्यासाठी पाय मारणारा तो नोकर, आणि नोकराची काय इज्जत! ब्रोको असा पेटला की दुसऱ्या दिवशीचा टप्पा त्याने जिंकून दाखवला. तरी त्याला शर्यतीतून काढलेच.

आज तोच शब्द कौतुकाने उच्चारतात. ‘सुपर दोमेस्तिक’ म्हणताना समालोचकांचा गळा दाटून येतो. शिवीचा असा दागिना झाला की मी जरा सावध होते. शिवी देणारा निदान उघड असतो. नोकराला ‘अहो, हा तर आमच्या घरचाच’ म्हणणारा मालक पगाराची गोष्ट निघाली की बहिरा होतो, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको.

इतर भाषांनीही या माणसासाठी आपापले शब्द केले आहेत. इटालियनमध्ये तो ‘ग्रेगारिओ’, म्हणजे कळपातला एक. जर्मनमध्ये सरळ ‘पाणी वाहणारा’. आपल्याला त्यासाठी नवा शब्द पाडायची गरज नाही, भिश्ती आहे की. मराठीत भिस्ती म्हणतात, पखाली म्हणतात. उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगते की हा शब्द फारसी ‘बिहिश्त’वरून आला, म्हणजे स्वर्ग. तहानलेल्याला पाणी पाजणारा तो स्वर्गातला माणूस. नाव स्वर्गाचे दिले आणि राहायला जागा गावकुसाकडची! कौतुकाच्या शब्दात मजुरी चुकती करायची सवय फार जुनी आहे.

भिश्ती म्हटला की निजाम भिश्ती आठवतोच. १५३९ साली चौसाच्या लढाईत शेरखानाने हुमायूनचा पराभव केला, बादशहा गंगेत बुडू लागला आणि एका भिश्त्याने त्याला हवा भरलेल्या पखालीच्या आधाराने पैलतीरी नेले. हुमायूनने त्याला वचन दिले, की तुला तख्तावर बसवीन. आणि बसवले. कोणी म्हणतात एक दिवस, कोणी अर्धा. दरबारात काय कुजबूज झाली असेल याची कल्पना करा. या गोष्टीकडे मला पुन्हा यायचे आहे, म्हणून एवढेच लक्षात ठेवा की बादशहाने शब्द पाळला होता.

हे सगळे आता उगाळायचे कारण शिक्षकांचा एक प्रशिक्षण वर्ग. संघभावना या विषयावर बोलायला आलेल्या पाहुण्यांनी पडद्यावर आधी उडणारे बगळे दाखवले (ते दाखवल्याशिवाय हे व्याख्यान सुरूच होत नाही), मग सायकल शर्यत दाखवली. रडणाऱ्या एका फ्रेंच पोराचा जुना फोटो दाखवला, आणि शेवटी सेप कस या अमेरिकन सायकलपटूचा. म्हणाले, “या माणसाने कधी काही मागितले नाही, म्हणून तो मोठा झाला. मी नाही, आपण!” सभागृहात टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. सायकल शर्यतीचे वेड आमच्या घरी भावामुळे शिरले आणि मला पुरते चिकटले, त्यामुळे पाहुण्यांची गोष्ट मला ठाऊक होती. ती त्यांनी सांगितली तशी घडलेलीच नाही. आणि घडली तशी सांगितली असती, तर तिच्यातून नेमका उलटा धडा निघतो.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे. टूर द फ्रान्स, इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा या तीन मोठ्या शर्यती. प्रत्येक तीन आठवड्यांची, एकवीस टप्प्यांची, हजारो किलोमीटरची. संघात हल्ली आठ जण असतात. नाव मात्र एकाचेच लागते. सायकलवाल्याचा खरा शत्रू वारा. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवले की सपाटीवर साधारण एक-तृतीयांश कष्ट वाचतात. म्हणून सात जण आळीपाळीने पुढे राहून वारा अंगावर घेतात आणि कप्तान आडोशाने जातो. मागच्या गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणायच्या त्यांनी. कप्तानाचे चाक पंक्चर झाले की आपले द्यायचे त्यांनी. बेल्जियमच्या टिम डेक्लर्कला तर ‘ट्रॅक्टर’ असेच नाव पडले होते, तासन्‌तास पुढे राहून सगळा जथा ओढण्यावरून. घाट सुरू झाला की यातला एकेक जण संपतो आणि मागे पडतो. पण संपला म्हणून त्याला सुटी नाही. ठरावीक वेळेत शेवट गाठला नाही तर तो बाद, आणि उद्या पाणी आणायला माणूस कमी. निकालपत्रात त्याचे नाव शंभराव्या क्रमांकाच्या आसपास कुठेतरी. त्याने काय केले ते त्या आकड्यात कुठेही दिसत नाही.

टूरच्या विजेत्याला पाच लाख युरो मिळतात आणि ते तो सहकाऱ्यांत नि कर्मचाऱ्यांत वाटून टाकतो, अशी या खेळाची रीत आहे. रीत चांगली आहे. पण पुढच्या वर्षांचे करार, जाहिराती, पुतळे, आत्मचरित्रे यांची वाटणी होत नाही.

आता त्या रडणाऱ्या पोराकडे येऊ. रने व्हिएतो. वय वीस. १९३४ची टूर. तेव्हा शर्यतीत देशांचे संघ असत आणि फ्रान्सचा कप्तान होता आंतोनिन मान्य. व्हिएतो आल्प्समध्ये असा चढला की सारा फ्रान्स त्याच्या प्रेमात पडला. मग पिरेनीज आले. उतारावर मान्य पडला, त्याचे चाक मोडले. व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून त्याला दिले आणि रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर मदतीच्या गाडीची वाट बघत बसला. शेजारी एका चाकाची सायकल, डोळ्यांत पाणी. हाच तो फोटो. दुसऱ्या दिवशी तर कमालच झाली. मान्यची सायकल पुन्हा बिघडली. व्हिएतो पुढे निघून गेला होता. तो उलटा फिरला, उतरलेला घाट परत चढला आणि आपली सायकल मान्यला देऊन टाकली. मान्यने टूर जिंकली.

पाहुणे म्हणाले, “या मुलाने स्वतःचा विजय दान केला.” दंतकथा तशीच आहे. पण अंतिम यादी पाहा. व्हिएतो पाचवा आला, मान्यच्या जवळजवळ तासभर मागे. एका चाकाने एक तास जात नाही. त्याने आपला विजय दान केला हे हिशेबाने खरे नाही. त्याच टूरमध्ये त्याने चार टप्पे जिंकले आणि पर्वतराजाचा किताबही मिळवला. त्या चार विजयांचे फोटो कोणाच्या भिंतीवर नाहीत. भिंतीवर आहे तो रडणारा. कर्तबगार पोरापेक्षा त्याग करणारे पोर लोकांना जास्त आवडते, कारण त्याच्याबद्दल हळहळायला पैसे पडत नाहीत. १९४७ साली व्हिएतो दीर्घकाळ पिवळ्या जर्सीत होता, आणि शेवटाकडे १३९ किलोमीटरच्या एकट्याच्या शर्यतीत ती त्याने गमावली. टूर त्याला कधीच मिळाली नाही. मिळाला तो कठडा.

इटलीच्या आंद्रेआ कार्रेआची कथा याहून मला जास्त बोचते. तो थोर फाउस्तो कोप्पीचा ग्रेगारिओ. १९५२च्या टूरमध्ये लोझानच्या टप्प्यावर पुढे पळालेल्या गटावर नजर ठेवायला म्हणून तो त्यांच्याबरोबर गेला. गट पुढेच राहिला आणि संध्याकाळी हिशेब झाला तेव्हा पिवळी जर्सी कार्रेआच्या अंगावर आली. त्याला आनंद झाला नाही. त्याला रडू कोसळले. कोप्पी काय म्हणेल! त्याने कोप्पीची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी अल्प द्युएझच्या घाटात कोप्पी जिंकला, जर्सी त्याच्याकडे गेली, आणि म्हणे कार्रेआच्या जिवात जीव आला. लोक ही गोष्ट डोळे पुसत सांगतात. मला ती ऐकून भीती वाटते. ज्या माणसाला आपल्या कष्टाचे फळ हातात आल्यावर चोरी केल्यासारखे वाटते, त्याला कोणी काय शिकवले असेल? कोप्पी वाईट माणूस नव्हता, त्याने कार्रेआचे अभिनंदनच केले. प्रश्न कोप्पीचा नाहीच. निजाम भिश्ती तख्तावरून ‘मला उतरवा हो’ म्हणून रडला असता तर आपण त्याला निष्ठावंत म्हटले असते की बिचारा?

मी उर्दू शिकवते, तेव्हा वफा हा शब्द माझ्या रोजच्या वापरातला. गझलेने त्याचे काय करून ठेवले आहे ते सोडा, तिथे आशिक एकतर्फीच मरत असतो. मुळात हा शब्द अरबी, आणि त्याच्या धातूचा अर्थ पुरे करणे, चुकते करणे. करार पुरा केला, माप पुरे भरले, देणे पुरे फेडले, ती वफा. म्हणजे वफेला दोन टोके आहेत. एकाने माप भरायचे आणि दुसऱ्याने बोट लावून हलके करायचे, याला त्या भाषेत वफा म्हणत नाहीत. आपल्या मराठीत ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ आहे. त्यातही आधी मीठ खायला घालावे लागते! बिनमिठाचे जेवू घालून जागायला सांगणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

आणि बेइमानी? ती नेहमी खालचाच करतो असे आपण धरून चालतो. १९८५ची टूर बघा. संघाचे नाव ‘ला व्ही क्लेअर’. कप्तान बर्नार्ड इनो, चार टूर जिंकलेला, पाचव्या विजयाच्या वाटेवर. पडून त्याचे नाक मोडले होते. त्याचा मदतनीस ग्रेग लेमाँड, चोवीस वर्षांचा अमेरिकन. लुझ आर्दिदेनच्या घाटात लेमाँड पुढच्या गटात होता, इनो मागे अडखळत होता. संघाच्या गाडीतून लेमाँडला हुकूम आला, की जोर लावू नकोस. इनो आहे त्यापेक्षा बराच जवळ असल्याचे आपल्याला सांगितले गेले, असे लेमाँड पुढे सांगत आला. पोरगा थांबला. इनोने पाचवी टूर जिंकली, लेमाँड १ मिनिट ४२ सेकंदांनी दुसरा. इनोने जाहीर सांगितले, की पुढच्या वर्षी मी ग्रेगसाठी चालवीन.

पुढच्या वर्षी पिरेनीजच्या पहिल्याच मोठ्या टप्प्यात इनोने हल्ला केला आणि लेमाँडवर पाच मिनिटांची आघाडी घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला. मात्र त्या दिवशी त्याचे पाय संपले आणि लेमाँडने टप्पा जिंकला. अल्प द्युएझवर दोघे हात धरून आले तो फोटो फार प्रसिद्ध आहे. टूर अखेर लेमाँडने जिंकली, ३ मिनिटे १० सेकंदांनी. इनोचे म्हणणे असे, की मी प्रतिस्पर्ध्यांना दमवत होतो, पोराला घडवत होतो. वा! ज्याच्याशी करार केला त्याच्यावरच वार करायचा आणि वर गुरुदक्षिणा मागायची. हुमायूनचे राज्य वर्षभरात गेले, तरी त्याआधी त्याने भिश्त्याला तख्तावर बसवले होते. इनोकडे पाच मुकुट होते, सहावा हाताशी होता, आणि शब्द पाळणे त्याला जमले नाही.

तरीही या खेळाच्या बाजारात ‘गद्दार’ हा शिक्का इनोवर बसला नाही. तो बसला स्टीफन रोशवर. १९८७च्या जिरोत, कारेरा संघात, आधीच्या वर्षीचा विजेता व्हिसेंटिनी गुलाबी जर्सीत असताना रोशने साप्पादाच्या टप्प्यात हल्ला केला. संघाने त्याला थांबवायला आपलेच लोक मागे लावले. एकटा एडी शेपर्स त्याच्या बाजूने राहिला. व्हिसेंटिनी कोसळला, जर्सी रोशकडे आली आणि पुढे रोज रस्त्याच्या कडेने इटालियन प्रेक्षक रोशवर थुंकत राहिले. रोशचे म्हणणे, जुलैत टूरला माझ्यासाठी राबायचा व्हिसेंटिनीचा इरादाच नव्हता, मग मी जूनमध्ये कशासाठी मरू? रोश सगळा बरोबर होता असे मी म्हणत नाही. जर्सी सहकाऱ्याच्या अंगावर असताना न सांगता वार करणे मला रुचत नाही. पण व्यवहार एकतर्फी आहे हे दिसल्यावर त्याने तो मोडला, आणि थुंकी त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली, हे नोंदवून ठेवायला हवे.

स्पेनमध्ये आस्तुरियास प्रांतात आंग्लिरू नावाचा घाट आहे. साडेबारा किलोमीटरचा चढ, आणि सर्वांत वाईट जागी चोवीस टक्क्यांच्या जवळ जाणारा. आपल्या खंबाटकीत गाड्या दमतात, इथे मोटारीचा क्लच जळायला वेळ लागायचा नाही. या एका घाटात बारा वर्षांच्या अंतराने दोन मदतनिसांचा हिशेब झाला.

२०११ साली क्रिस फ्रूमला फारसे कोणी ओळखत नव्हते. स्काय संघाचा कप्तान ब्रॅडली विगिन्स. व्हुएल्टाच्या मध्यावर फ्रूमने एकट्याच्या शर्यतीत लाल जर्सी मिळवली, आणि दुसऱ्याच दिवशी विगिन्ससाठी राबताना ती सोडली. आंग्लिरूवर खुआन होसे कोबो निसटला. फ्रूम चढाचा बराचसा भाग विगिन्सला ओढत राहिला. कोबोने त्या दिवशी आघाडी घेतली. माद्रिदला निकाल लागला तेव्हा फ्रूम कोबोपेक्षा फक्त १३ सेकंदांनी मागे होता, विगिन्स तिसरा. तेरा सेकंद! एवढ्या वेळात माझी पोरे हजेरीला ‘हाजिर’ म्हणून होत नाहीत. २०१९ साली कोबो उत्तेजकांच्या प्रकरणात दोषी ठरला आणि व्हुएल्टा फ्रूमच्या नावावर झाली, आठ वर्षांनी, कागदावर. पुढच्या वर्षी २०१२च्या टूरमध्ये ला तुस्विरच्या चढावर फ्रूमने वेग वाढवला तेव्हा विगिन्स मागे पडू लागला. कानातल्या रेडिओवरून हुकूम आला आणि फ्रूम थांबला. विगिन्स जिंकला, फ्रूम दुसरा. मी म्हणते फ्रूम थांबला ते योग्य केले, कारण कप्तान कोण हे आधी ठरले होते. त्याने माप पुरे भरले. आणि मग २०१३ साली त्याने स्वतःसाठी कप्तानपद मागून घेतले व टूर जिंकली. यात बेइमानी कुठे आली? महत्त्वाकांक्षा आणि निष्ठा एका माणसात नांदू शकत नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी ही दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

आता सेप कस. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या दुरँगोचा. संघ युम्बो-व्हिस्मा. २०२३च्या मे महिन्यात तो प्रिमोझ रॉगलिचसाठी जिरोत राबला, रॉगलिच जिंकला. जुलैत योनास व्हिंगेगार्डसाठी टूरमध्ये राबला, व्हिंगेगार्ड जिंकला. ऑगस्टअखेर या दोघांच्या दिमतीला व्हुएल्टात. एका वर्षात तीन महाशर्यती, सगळ्या दुसऱ्यांसाठी. पण व्हुएल्टात असे झाले की सहाव्या टप्प्यात तो पुढच्या गटातून सुटला, टप्पा जिंकला आणि दोन दिवसांत लाल जर्सी त्याच्या अंगावर आली. दुसरा आठवडा संपला तरी ती तिथेच.

मग त्याच्याच संघातले दोन बादशहा उठले. सोळाव्या टप्प्यात व्हिंगेगार्डने हल्ला करून त्याच्यावर मिनिटाहून जास्त वेळ कमावला. सतरावा टप्पा आंग्लिरू, तारीख १३ सप्टेंबर. त्या दिवशी कसचा एकोणतिसावा वाढदिवस होता. धुक्यात, शेवटच्या चढावर रॉगलिच आणि व्हिंगेगार्ड पुढे निघाले आणि कस मागे पडला. ज्या दोघांना त्याने मे आणि जुलैत डोंगर चढवले होते, तेच त्याच्या जर्सीसाठी धावत होते. त्याच्याबरोबर कोण राहिले? मिकेल लांदा. दुसऱ्या संघाचा माणूस. कसची आघाडी उरली आठ सेकंद.

पाहुण्यांच्या गोष्टीत याच्यापुढे कस शांतपणे हसतो आणि नियती त्याला न्याय देते. प्रत्यक्षात नियती नव्हती. जगभरातल्या प्रेक्षकांनी गहजब केला, संघात बंद दाराआड बोलणी झाली आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाने जाहीर केले, की आता सगळे कससाठी चालवणार. दोघे थांबले. कस १७ सेकंदांनी जिंकला. पहिले तिन्ही क्रमांक एकाच संघाचे आले, आणि वर्षातल्या तिन्ही महाशर्यती एकाच संघाच्या, असे तर त्याआधी कधीच झाले नव्हते. म्हणजे कस जिंकला तो गप्प राहण्याने नव्हे. त्याच्यावरचे देणे चुकते करा असे कोणीतरी वरून सांगितले म्हणून जिंकला. ते सांगायला आंग्लिरूपर्यंत वाट पाहावी लागली, हीच त्या संघाची लाज. लाल जर्सी पहिल्यांदा अंगावर आली त्याच संध्याकाळी हे ठरवायला कोणी हात धरला होता?

इथे नेहमी एक आक्षेप येतो. असे सगळेच हक्क मागू लागले तर वारा कोण खाणार? आक्षेप खोटा नाही. २०२४च्या महिलांच्या टूरमध्ये पाचव्या टप्प्यात, आम्नेव्हिलच्या अलीकडे पिवळ्या जर्सीतली डेमी व्होलरिंग पडली. तिच्या संघातल्या एकीशिवाय तिच्यासाठी कोणी थांबले नाही. त्याच संघाच्या ब्लांका वाशने पुढे तो टप्पा जिंकला. व्होलरिंगने जर्सी गमावली, शेवटच्या दिवशी अल्प द्युएझपर्यंत पाठलाग केला, आणि कासिया निएव्हियादोमाकडून चार सेकंदांनी टूर हरली. रेडिओवर नीट कळलेच नाही, असा खुलासा संघाकडून आला. मला वाशचा राग येत नाही. तिने समोर आलेला टप्पा जिंकला. राग येतो तो गाडीत बसून सगळ्या शर्यतीचे नियोजन करतो म्हणणाऱ्यांचा, ज्यांना ऐन वेळी कोणी कोणासाठी थांबायचे एवढे सांगता आले नाही. निष्ठा रोमारोमांत भिनवायची नसते, ठरवायची असते. आणि ठरले की काय होऊ शकते तेही याच खेळात दिसले. २०२५च्या जिरोत वाउट व्हान आर्ट हा मातब्बर माणूस पुढच्या गटातून मुद्दाम मागे थांबला आणि फिनेस्त्रेचा घाट ओलांडून आलेल्या सायमन येट्सला दरीतून ओढत घेऊन गेला. येट्सने जिरो जिंकली. त्याच जिरोत व्हान आर्टने सिएनाचा टप्पा स्वतः जिंकला होता आणि संघाने त्याला तो जिंकू दिला होता. पोटभर जेवलेला माणूस दुसऱ्याला वाढताना कुरकुरत नाही.

आमच्या धंद्यात नव्या शिक्षकाचे सरकारी नावच मुळी ‘शिक्षणसेवक’ होते. देग्रांजला हे आवडले असते. ठरावीक मानधनावर तीन वर्षे, आणि त्या तीन वर्षांत शाळेतला सगळा वारा त्याने अंगावर घ्यायचा. एका शाळेत मी पाहिले आहे, की एका तरुण शिक्षिकेने वर्षभर जादा तास घेऊन दहावीचा निकाल वर आणला, सत्कार झाला पर्यवेक्षकांचा, आणि तिने वरच्या वर्गाचे तास मागितले तेव्हा तिला ऐकवले, की बाई, संघभावना ठेवा. तिच्या वाट्याला शाल नव्हती, श्रीफळ नव्हते, निदान एक कठडा तरी द्यायचा! अशा वेळी पडद्यावर बगळे दाखवणाऱ्यांना कोणी विचारत नाही, की बगळ्यांत पुढची जागा आळीपाळीने बदलते ना? मग ते चित्र तुम्ही खालच्यांनाच का दाखवता? संस्थाचालकांच्या बैठकीत दाखवा.

कसबद्दल आता असेही ऐकू येते, की २०२४च्या व्हुएल्टात तो कप्तान म्हणून उतरला आणि चौदावा आला, म्हणजे बघा, त्याची जागा मदतनिसाचीच होती. त्यात काय बघायचे? चौदावा आला. फ्रूमही पुढे मागे पडला, इनोही थकला, रॉगलिच तर स्वतःच्या कप्तानपदासाठी २०२३ संपताच तो संघ सोडून गेला आणि पुढच्या वर्षीची तीच व्हुएल्टा नव्या संघाकडून जिंकला. त्याला कोणी कृतघ्न म्हटले नाही, म्हणायचे कारणही नव्हते. मग कसनेच आपली लायकी दरवर्षी नव्याने का सिद्ध करायची? २०२३च्या सप्टेंबरमध्ये जर्सी त्याच्या अंगावर होती आणि मे-जुलैचे देणे बाकी होते. चौदाव्या क्रमांकाने ते देणे माफ होत नाही.